हवेचं गणित मांडणारा कॅरियर

कॅरियर म्हटलं की होस्टेलवाल्यांना एक तर सायकलचं मागचं कॅरियर आठवतं, नाहीतर प्लेसमेंट सेलच्या बोर्डावरचं करिअर. पण एसीच्या डब्यावर जे कॅरियर लिहिलेलं असतं, ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि तो माणूस आपल्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता.

विलिस हॅविलंड कॅरियर. जन्म २६ नोव्हेंबर १८७६, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात अँगोला इथे, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणी त्याला अपूर्णांक काही केल्या कळेनात. मग आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती कापून अर्धं, पाव, अष्टमांश असं समोर मांडून दाखवलं. तो ११ वर्षांचा असताना आई गेली. मोठ्या प्रश्नाचे तुकडे करून बघायची सवय मात्र जन्मभर राहिली.

स्कॉलरशिप मिळाली म्हणून तो कॉर्नेलला शिकू शकला. राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी लोकांच्या अंगणातलं गवत काप, भट्ट्या सांभाळ, असं काहीही करायचा. पुढे एका मित्राबरोबर त्याने विद्यार्थ्यांची सहकारी लाँड्री काढली. (आपल्या होस्टेलवर कुणी काढणार असेल तर पहिलं गिऱ्हाईक मी!)

१९०१ मध्ये डिग्री घेऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर. तिथे हीटर बसवताना बराचसा अंदाजपंचे कारभार चाले. विलिसने प्रयोग करून गरम नळ्यांवरून हवा किती वेगाने गेली तर किती उष्णता घेते, याची कोष्टकंच तयार केली.

वर्षभरातच त्याच्याकडे ब्रुकलिनच्या एका छापखान्याचं काम आलं. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा मशीनमध्ये जायचा. हवेतला ओलावा बदलला की कागद फुगायचा किंवा आकसायचा आणि रंग एकमेकांवर बसायचे नाहीत. सगळा माल वाया. २५ वर्षांच्या विलिसने जुलै १९०२ मध्ये आराखडा दिला. हवा थंड नळ्यांवरून न्यायची, म्हणजे तिच्यातलं पाणी नळ्यांवर जमून गळेल. किती गळेल हे दोन गोष्टींवर ठरतं, नळीचं तापमान आणि हवेचा वेग. त्याने या दोघांचा मेळ घातला. गंमत बघा, पहिला आधुनिक एसी माणसांसाठी नव्हताच, कागदासाठी होता!

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या स्टेशनवर तो गाडीची वाट बघत उभा होता. सगळीकडे धुकं. आपण असतो तर लेट गाडीला शिव्या घातल्या असत्या. याच्या डोक्यात आलं, की धुकं म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा, आणि थंड हवेत पाणी मावतंच कमी. म्हणजे हव्या त्या तापमानाच्या पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली की तिच्यात किती ओलावा राहणार हे आपणच ठरवू शकतो. पाणी मारून हवा कोरडी करायची! उलटं वाटतं, पण दवबिंदू समजला की पटतं. याचं पेटंट त्याला १९०६ मध्ये मिळालं. डिसेंबर १९११ मध्ये त्याने अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे आपली सूत्रं मांडली. व्हायव्हात आपल्याला घाम फोडणारा सायक्रोमेट्रिक चार्ट या कामातूनच आला.

आणि एवढं होऊनही १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर कंपनीने हे कामच गुंडाळायचं ठरवलं. वय ३८. १९१५ मध्ये तो आणि सहा इंजिनिअर मित्रांनी मिळून ३२,६०० डॉलर उभे केले आणि स्वतःची कंपनी काढली. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. पुढची दुकानं, थिएटरं, १९२५ चं न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर, ही सगळी यशाची गोष्ट आहे, ती कुठेही वाचायला मिळते.

आता सर्व्हर रॅक. ५ किलोवॅटचा रॅक घ्या. त्यातून जाताना हवा १२ अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला साधारण ०.३५ घनमीटर हवा लागते. विलिसच्या कोष्टकातला हिशोबच हा. मी एक सर्व्हर रूम पाहिली, तिथे थर्मामीटर भिंतीवर, एसीच्या अगदी समोर. तो बिचारा २२ अंश दाखवायचा आणि रॅकमधला सर्वांत वरचा सर्व्हर दुपारी आपोआप बंद पडायचा, तेही ऐन सबमिशनच्या आठवड्यात. रॅकमधल्या रिकाम्या खणांतून मागची गरम हवा पुढे येत होती आणि वरचा सर्व्हर तीच पुन्हा आत ओढत होता. त्या खणांवर पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, समोरच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावले, आणि रोग सापडला.

ओलाव्याचंही तसंच. रॅकच्या मागे सापेक्ष आर्द्रता कमी दिसते म्हणून हवा कोरडी झाली असं नाही. पाणी तेवढंच आहे, फक्त हवा तापली. दवबिंदू पुढे-मागे एकच येतो. म्हणून डेटा सेंटरमध्ये दवबिंदूवर लक्ष ठेवतात. जास्त झाला तर थंड भागांवर पाणी जमायची भीती, फार कमी झाला तर स्टॅटिकची.

विलिस ७ ऑक्टोबर १९५० ला न्यूयॉर्कमध्ये गेला. रेफ्रिजरेशनवाल्या आणि हीटिंग-व्हेंटिलेशनवाल्या इंजिनिअर्सच्या दोन वेगवेगळ्या संस्थांचा तो १९२७ आणि १९३१ मध्ये अध्यक्ष होता. त्यांच्या दोन परंपरा १९५९ मध्ये एकत्र आल्या आणि ॲशरे ही संस्था झाली. सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश ही शिफारस तिचीच, आणि ती मोजायची सर्व्हरच्या तोंडाशी, जिथून तो हवा आत घेतो.