उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) : अमानतीच्या विश्वस्त

इस्लामच्या इतिहासातील थोर स्त्रियांच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. मात्र त्या सांगताना बहुधा नातेसंबंधांवरच भर दिला जातो. अमुक यांची कन्या, अमुक यांची पत्नी, अमुक यांची माता एवढ्यावर परिचय संपतो. उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याबाबतही असेच घडले आहे. त्या हजरत उमर (रजि.) यांच्या कन्या आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पत्नी होत्या, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या वाचू शकत होत्या, लिहिण्याची कला त्यांना अवगत होती आणि दिव्य कुरआनची मूळ संकलित प्रत दीर्घकाळ त्यांच्या स्वाधीन होती, ही गोष्ट फार थोड्या घरांत सांगितली जाते.

हजरत हफ्सा (रजि.) यांचा जन्म मक्केत, प्रेषितत्वाच्या सुमारे पाच वर्षे आधी झाला. कुरैश त्या वेळी काबागृहाची पुनर्बांधणी करीत होते. त्यांच्या मातोश्री हजरत जैनब बिन्त मजऊन (रजि.), तर हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) हे त्यांचे सख्खे बंधू. त्या काळी मक्केत लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्या अत्यल्प होती. इतिहासकार बलाजुरी यांनी इस्लामच्या आगमनसमयी कुरैशमधील असे केवळ 17 पुरुष नोंदवले आहेत. जेथे पुरुषांची ही स्थिती, तेथे स्त्रियांची काय असेल याची कल्पना करता येते.

त्यांचा पहिला विवाह हजरत खुनैस बिन हुजाफा (रजि.) यांच्याशी झाला. खुनैस (रजि.) यांनी धर्मासाठी प्रथम हबशा देशी हिजरत केली आणि पुढे पत्नीसह मदीना गाठले. बद्रच्या युद्धात ते सहभागी होते. त्यानंतर मदीनेतच त्यांचा मृत्यू झाला आणि हफ्सा (रजि.) यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले.

पिता म्हणून हजरत उमर (रजि.) यांनी यावेळी जे केले ते आजच्या आपल्या समाजाने नीट लक्षात घ्यावे. विधवा कन्येला कोपऱ्यात बसवून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. स्वतः पुढाकार घेऊन त्यांनी आधी हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवला. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मग ते हजरत अबू बकर (रजि.) यांच्याकडे गेले, तर ते गप्पच राहिले. या मौनाने उमर (रजि.) अधिकच दुखावले. पुढे स्वयं प्रेषितांनी (स.) हफ्सा (रजि.) यांना मागणी घातली आणि हिजरी 3 मध्ये हा विवाह संपन्न झाला. तेव्हा अबू बकर (रजि.) यांनी आपल्या मौनाचे कारण सांगितले. प्रेषितांनी (स.) हफ्सा (रजि.) यांचा उल्लेख केल्याचे त्यांना ठाऊक होते आणि ते गुपित उघड करणे त्यांना प्रशस्त वाटले नव्हते.

प्रेषितगृहात त्यांच्या विद्याभ्यासाची दखल घेतली गेली. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) या त्यांच्याच अदी कुळातील सुशिक्षित महिला होत्या आणि त्यांनी हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकवले होते. एकदा त्या भेटीस आल्या असता, लेखन शिकवले तसा त्वचेच्या एका विकारावरील रुकयाही हफ्सा (रजि.) यांना शिकवावा, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुचवले. सुनन अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. मुलींनी लिहिणे शिकावे की नाही, हा वाद आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालला. त्याचे उत्तर या एका प्रसंगात मिळते.

हफ्सा (रजि.) यांचे वाचन केवळ पठण नव्हते. हुदैबिया येथे वृक्षाखाली शपथ घेतलेल्यांपैकी कोणीही नरकाग्नीत जाणार नाही, असे एकदा प्रेषितांनी (स.) सांगितले. हफ्सा (रजि.) यांना ते पटेना. प्रेषितांनी (स.) टोकले, तेव्हा त्यांनी सूरह मरयममधील 71 वी आयत पुढे ठेवली, जिच्यात प्रत्येकाला तेथवर जावे लागणार असल्याचा उल्लेख आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना लगेच पुढची, 72 वी आयत दाखवून दिली. तिच्यात ईशभय बाळगणाऱ्यांची सुटका होईल, असे सांगितले आहे. सहीह मुस्लिममधील हा प्रसंग दोन गोष्टी शिकवतो. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उठणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. आणि एक आयत वाचून थांबणाऱ्याने पुढची आयतही वाचलीच पाहिजे.

स्वभावाने त्या पित्याप्रमाणेच तेजस्वी होत्या. सूरह तहरीमच्या संदर्भात त्यांचा उल्लेख येतो आणि वाज करणारे तोच प्रसंग रंगवून सांगतात. मानवी चूक त्यांच्याकडूनही झाली, हे खरे. परंतु अतिशय रोजे राखणारी आणि रात्री नमाजमध्ये उभी राहणारी स्त्री, अशी त्यांची साक्ष हजरत जिब्रील (अलै.) यांनी दिल्याची रिवायत आहे. ती मात्र क्वचितच ऐकू येते. त्यांच्याकडून सुमारे 60 हदीस पोहोचल्या आहेत. फजरच्या फर्जआधी प्रेषित (स.) घरात दोन हलक्या रकअती अदा करीत, हे बंधू अब्दुल्लाह (रजि.) यांना त्यांच्याकडूनच कळले.

हिजरी 11-12 च्या सुमारास यमामाच्या युद्धात अनेक हाफिज शहीद झाले. उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून खलीफा अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर कुरआन एकत्र करण्याचे काम सोपवले. खजुरीच्या झावळ्या, पातळ पांढरे दगड आणि लोकांची हृदये यांतून ते संकलन सिद्ध झाले. ते अबू बकर (रजि.) यांच्याजवळ, नंतर उमर (रजि.) यांच्याजवळ राहिले. हिजरी 23 मध्ये उमर (रजि.) शहीद झाल्यावर ते हफ्सा (रजि.) यांच्या स्वाधीन झाले. पुत्र हयात असताना उमर (रजि.) यांनी आपल्या वक्फ जमिनीची व्यवस्थाही याच कन्येकडे दिली होती. लढाईवर गेलेल्या सैनिकाची पत्नी किती काळ विरह सोसू शकते, हे त्यांनी याच कन्येला विचारले होते आणि तिच्या उत्तरावरून सैनिकांच्या रजेची मुदत ठरवली होती. हा विश्वास केवळ रक्ताच्या नात्याचा नव्हता.

पुढे आर्मीनिया व अझरबैजानच्या आघाडीवर पठणावरून मतभेद होऊ लागले. हजरत हुजैफा (रजि.) चिंतित होऊन खलीफा उस्मान (रजि.) यांच्याकडे आले. उस्मान (रजि.) यांनी हफ्सा (रजि.) यांच्याकडून ती प्रत मागवली. काही रिवायतींनुसार, परत करण्याचे वचन घेतल्यावरच त्यांनी ती दिली. जैद (रजि.) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरून प्रती तयार केल्या, त्या विविध प्रांतांत पाठवण्यात आल्या आणि मूळ प्रत वचनानुसार परत आली. मदीनेचा अधिकारी मरवान याने पुढे तिची मागणी केली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. हिजरी 45 मध्ये त्यांचे निधन झाले आणि जन्नतुल बकीमध्ये त्यांचे दफन झाले. त्यानंतरच ती प्रत मरवानच्या हाती गेली आणि लोकांत संशय निर्माण होऊ नये म्हणून त्याने ती नष्ट केली. तोवर तिच्यावरून तयार झालेल्या प्रती दूरदूर पोहोचल्या होत्या.

आज हिंदी चित्रपटांतील मुस्लिम स्त्री आठवून पाहा. नकाब, आरसा, शेरोशायरी आणि अश्रू दिसतात. हातात पुस्तक क्वचितच दिसते. चित्रपटाला दोष देणे सोपे आहे. परंतु आपण स्वतः आपल्या मुलींना कोणती कथा सांगतो? दहावीनंतर मुलीचे दप्तर माळ्यावर ठेवणाऱ्या घरातील कुरआनही उस्मान (रजि.) यांच्या त्याच प्रतींच्या परंपरेतून आलेला असतो, आणि त्या प्रतींचा आधार एका वाचणाऱ्या स्त्रीने जपलेले संकलन हा होता. घरातील मुलीला कुरआन देताना सोबत अर्थासह मराठी भाषांतर आणि एक वहीही द्यावी. तिने प्रश्न विचारला तर तिला गप्प बसवू नये, पुढची आयत दाखवावी.

अल्लाह आपल्या घरांत हजरत हफ्सा (रजि.) यांच्यासारखी विद्येची ओढ आणि अमानतीची जाण निर्माण करो. आमीन.