पन्नास सह्या आणा, मगच लोकांच्या वतीने बोला! सार्वजनिक काकांनी १८७० मध्ये घालून दिलेला नियम

रस्त्यावरचे खड्डे, पाणी, वीज, कचरा. तक्रारी आपल्याकडे ढिगाने असतात. आपण पोस्ट टाकतो, चार लोक शेअर करतात आणि विषय तिथेच संपतो. कारण समोरच्या साहेबाच्या मनात एकच प्रश्न असतो, हा माणूस नेमका कोणाच्या वतीने बोलतोय?

दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलाने याच प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं. त्यांचं नाव गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

काकांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. सुरुवातीला सरकारी नोकरी केली, मग पुण्यात येऊन वकिली सुरू केली. ना संस्थान, ना सरदारकी. चारचौघांसारखाच माणूस.

त्या वेळी पुण्यात पर्वती देवस्थानाच्या कारभारावरून लोक नाराज होते. तक्रार सरकारपर्यंत न्यायची होती. पण तुम्हाला लोकांच्या वतीने बोलायला सांगितलं कोणी, असं सरकारने विचारलं तर?

यातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचा नियम भन्नाट होता. सभासद व्हायचं असेल तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे हा माणूस आमच्या वतीने बोलेल, असं लोकांनीच लिहून द्यायचं.

सुरुवातीला ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोक उभे राहिले. निवडणूक हा शब्दही लोकांच्या कानावर नव्हता तेव्हाची ही गोष्ट!

अर्थात सभेतही उणिवा होत्या. तिच्यात सरदार, सावकार, वकील अशा मंडळींचाच भरणा जास्त होता. ज्या सभेत शूद्रातिशूद्र नाहीत ती सार्वजनिक कशी, अशी टीका महात्मा फुल्यांनी केली आणि ती रास्तच होती.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले. रानड्यांचा अभ्यास आणि काकांची धावपळ अशी जोडी जमली. भारतीयांना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व मिळावं म्हणून सभेने १८७५ मध्ये हजारो सह्यांचा अर्ज विलायतेला पाठवला. मागणी मान्य झाली नाही, पण लोकांना मागायची सवय लागली.

त्यानंतर १८७६ चा मोठा दुष्काळ पडला. सभेने नुसता आक्रोश केला नाही. तिने आपली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली, पीकपाणी आणि लोकांचे हाल यांची माहिती गोळा केली आणि ती सरकारला कळवत राहिली. हातात आकडे आणि माहिती असलेल्या माणसाला उडवून लावणं सरकारलाही जड जातं.

काका जे बोलायचे ते आधी स्वतः करायचे. १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशीचं व्रत घेतलं, ते स्वतः सूत कातायचे. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे झगमगत असताना काका खादी घालून गेले. त्यांनी सभेचं मानपत्र नेलं होतं आणि त्यात मागणी होती, ब्रिटिश प्रजेला जो दर्जा आहे तोच आम्हालाही मिळावा.

खरी कसोटी १८७९ मध्ये लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं. काका मात्र पुढे झाले. सशस्त्र बंड हा त्यांचा मार्ग नव्हता, पण आरोपीला वकील मिळालाच पाहिजे हे त्यांना मान्य होतं. फडक्यांना जन्मठेप झाली आणि त्यांची रवानगी एडनला झाली. त्यानंतर वर्षभरातच, २५ जुलै १८८० रोजी, काका गेले.

पण त्यांचं काम थांबलं नाही. १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यातच भरणार होतं आणि यजमान होती सार्वजनिक सभा. ऐनवेळी कॉलऱ्याची साथ आल्याने ते मुंबईला हलवलं गेलं. पुढच्या दुष्काळात सभेने शेतकऱ्यांना सारा माफीचे कायदेशीर हक्क समजावून सांगितले. सरकार इतकं चिडलं की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली.

स्वदेशीचा धागा तर थेट तळेगाव दाभाड्यापर्यंत पोहोचला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. काकांनी पन्नास सह्या मागितल्या, काळ्यांनी एक पैसा. हिशोब तोच, प्रत्येकाचा वाटा छोटा, पण तो प्रत्येकाचा हवा.

त्यामुळे पुढच्या वेळी तक्रार करायची असेल तर आधी गल्लीत फिरा, पन्नास सह्या गोळा करा, खड्डे मोजा, तारखा लिहून ठेवा आणि अर्जाची पोच घ्या. पोस्ट त्यानंतर टाका. तेव्हा तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय, हे विचारायची वेळ कोणावर येणार नाही.