परक्या गावचा गोडवा

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर गावातल्या बाजारात एक चक्कर मारली की गर्दी दिसते ती खाण्याच्या दुकानांवर. खजुराचे ढीग, फळांच्या गाड्या, तळणाचा वास. दिवसभर उपाशी असलेला माणूस खरेदी करताना जरा जास्तच घेतो, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. या गर्दीत हिंदू शेजारीही असतात, कारण रमजानच्या बाजारातला खाऊ सगळ्यांच्याच आवडीचा. पण एखादा माणूस दूरदेशी एकटा असेल, तिथली भाषा त्याला येत नसेल आणि मगरिबची अजान जवळ आली असेल, तर त्याच्यासाठी हाच बाजार कसा असेल? सातशे वर्षांपूर्वी एका तरुणाने हा अनुभव अनेक देशांत घेतला. त्याचे नाव इब्न बतूता.

इब्न बतूताचा जन्म 1304 मध्ये मोरोक्कोतल्या टँजिअर शहरात झाला. घराणे काझींचे. जून 1325 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हजसाठी निघाला. सोबत कोणी नव्हते. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडून जाणे त्याला जड गेले. हज करून तो परत येईल असे घरच्यांना वाटले असेल. तो परतला चोवीस वर्षांनी.

प्रवासाच्या सुरुवातीलाच त्याला ताप आला. घोड्यावरून पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले. अशा अवस्थेत तांड्याबरोबर तो ट्यूनिसला पोहोचला. गावचे लोक वेशीवर आले होते. ते एकेका प्रवाशाला भेटत होते, मिठी मारत होते, खुशाली विचारत होते. याला मात्र कोणीच सलाम केला नाही, कारण याला ओळखणारे तिथे कोणी नव्हते. त्याला रडू आवरेना. ते पाहून एक हाजी पुढे आला, त्याने सलाम केला आणि गावात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. त्या वर्षीची ईदुल फित्र इब्न बतूताने ट्यूनिसमध्येच, परक्या लोकांत साजरी केली.

पुढचा रमजान आला तेव्हा तो दमिश्कमध्ये होता. मधल्या काळात त्याने इजिप्त आणि शाममधली बरीच गावे पाहिली. प्रत्येक गावी मशिदी आणि मजारींइतक्याच आवडीने तो बाजारात फिरे आणि कुठे काय पिकते, काय बनते याची नोंद मनात ठेवी. नाब्लुसला खर्नूब नावाच्या शेंगांचा रस काढून त्याचा हलवा करत आणि तो दूरच्या शहरांत पाठवत. बालबेकला द्राक्षांचा रस आटवून काकवीसारखा घट्ट पाक करत. त्यात एक भुकटी घातली की पाक थिजून जाई. मग वरचे मडके फोडायचे, आतला गोळा अख्खा राही. त्यात पिस्ते आणि बदाम घालून मिठाई करत. तिचे नाव मलबन. तिला तिथले लोक घोड्याचे कातडेही म्हणत. त्याच बालबेकमध्ये लाकडाच्या थाळ्या एकात एक बसवून विकत; दहा थाळ्या एकीत मावत आणि पाहणाऱ्याला ती एकच थाळी वाटे.

दमिश्कमध्ये रमजानची एक रीत त्याच्या कायमची लक्षात राहिली. तिथे कोणी एकट्याने रोजा सोडत नसे. अमीर आणि काझी आपल्या मित्रांना आणि गरिबांना बोलावत, व्यापारीही तेच करत. ज्यांची ऐपत नव्हती ते रोज रात्री आपल्यापैकी एकाच्या घरी किंवा मशिदीत जमत आणि प्रत्येक जण घरून जे असेल ते घेऊन येई. सगळे मिळून रोजा सोडत.

इब्न बतूताला आसरा दिला नूरुद्दीन सखावी नावाच्या शिक्षकाने. चार रात्री त्याने त्यांच्याकडे रोजा सोडला. मग त्याला पुन्हा ताप आला आणि तो गेला नाही. नूरुद्दीन यांनी माणूस पाठवून त्याला बोलावून घेतले. आजारपणाची सबब त्यांनी ऐकली नाही. हे घर आपल्या बापाचे किंवा भावाचे समज, असे सांगून त्यांनी त्याला ठेवून घेतले, हकिमाला बोलावले आणि हकीम सांगेल ते पथ्याचे जेवण घरात शिजू लागले. ईदपर्यंत तो तिथेच राहिला. बरा झाला तेव्हा त्याच्याजवळचे पैसे संपले होते. नूरुद्दीन यांनी त्याच्यासाठी उंट ठरवले, वाटेची शिदोरी दिली आणि वर रोख रक्कमही हातावर ठेवली. ट्यूनिसच्या वेशीवर रडलेल्या मुलाला वर्षभरातच दुसरे घर मिळाले होते.

दमिश्कच्याच एका गल्लीत त्याने एक प्रसंग पाहिला. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. कोणीतरी पोराला सांगितले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फकडे जा. वक्फ म्हणजे धर्मादाय ठेव. दमिश्कमध्ये एक वक्फ खास फुटलेल्या भांड्यांसाठी होता. पोराने तुकडे दाखवले आणि नव्या थाळीचे पैसे घेऊन तो गेला. नाहीतर मालकाने त्याला मारले असते, निदान रागावला तरी असता. अशा ठेवी करणाऱ्यांबद्दल इब्न बतूताला फार आदर वाटला. जकात आणि सदका यांचा हिशेब आपण रमजानमध्ये करतो, तेव्हा हा प्रसंग आठवावा असा आहे.

हजनंतर तो इराककडे गेला. बसऱ्याला खजूर इतका स्वस्त होता की त्याची किंमत सांगताना त्यालाच गंमत वाटली. तिथल्या काझींनी त्याला खजुराची एवढी मोठी टोपली भेट दिली की एका माणसाला ती जेमतेम उचलली. एकट्या प्रवाशाने एवढ्या खजुराचे करायचे काय? त्याने तो बाजारात विकायला पाठवला. नऊ दिरहम आले. त्यातले तीन घरापासून बाजारापर्यंतची मजुरी म्हणून हमालाने घेतले. बसऱ्यात खजुरापासून मधासारखा एक गोड पाकही काढत, तोही त्याने चाखला.

काही वर्षांनी तो आजच्या तुर्कीत आला. अंताल्यात फाटक्या कपड्यांतला एक माणूस त्याला जेवायला बोलावू लागला. याला तुर्की येत नव्हते. दुभाष्याने अर्थ सांगितला तेव्हा त्याला वाटले, हा गरीब माणूस आपल्या सगळ्यांना कसा जेऊ घालणार? तो माणूस चांभारकाम करणारा होता आणि वेगवेगळ्या धंद्यांतल्या सुमारे दोनशे कारागिरांचा प्रमुखही होता. या मंडळींना अखी म्हणत. दिवसभर जो तो आपापल्या दुकानात राबे. असरनंतर कमाई प्रमुखाकडे जमा होई आणि त्यातून फळे, मिठाई, जेवणाचे सामान येई. गावात पाहुणा असेल तर तो त्यांच्याबरोबर जेवे. नसेल तर ते सगळे मिळून जेवत आणि सकाळी पुन्हा कामावर जात.

लाधिकला, म्हणजे आजच्या डेनिझलीला, तो बाजारातून चालला असताना दुकानांतून माणसे धावत आली आणि त्यांनी घोड्यांचे लगाम धरले. तेवढ्यात दुसरी टोळी आली. दोघांत भांडण जुंपले, काहींनी सुरेही काढले. आता आपण लुटले जाणार, अशी प्रवाशांची खात्री झाली. अरबी जाणणारा एक माणूस भेटला तेव्हा खरा प्रकार कळला. हे अखींचे दोन गट होते आणि पाहुणे कोणाकडे उतरणार यावरून भांडत होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या गटाने हमामखान्यात नेऊन आंघोळ घातली आणि मग जेवण, मिठाई, फळे पुढे ठेवली. नंतर दुसऱ्या गटाकडेही तसाच पाहुणचार झाला. त्या वर्षीची ईद त्याने याच गावी केली. निरनिराळ्या धंद्यांचे लोक आपापली निशाणे घेऊन मिरवणुकीत निघाले होते.

त्याआधी, त्याच रमजानमध्ये, ईग्रिदिरच्या सुलतानाकडे तो रोजा सोडायला जाई. तिथे सर्वांत आधी एका लहान थाळीत रश्शात भिजवलेली भाकरी येई आणि तिच्यावर तूप-साखर घातलेली मसूर असे. बरकतीसाठी सुरुवात त्यानेच करत, बाकीचे पदार्थ नंतर.

मात्र गोडाचा मान सगळीकडे सारखा नसतो, हेही त्याला कळले. काळ्या समुद्राच्या उत्तरेला उझबेग खानाची छावणी होती. ती म्हणजे चालते शहरच. गाड्यांवर मशिदी, गाड्यांवर बाजार आणि चालता चालता चुलींचा धूर वर जायचा. एका रमजानमध्ये तो खानाकडे गेला. त्याच्या सोबत्याने बनवलेल्या मिठाईची थाळी त्याने भेट म्हणून पुढे केली. खानाने बोट लावले, ते जिभेला टेकवले आणि थांबला. तिथल्या तुर्क लोकांना मिठाई खाणे कमीपणाचे वाटे. एका अमिराने त्याला एक किस्सा सांगितला. मुलानातवंडांचे मोठे खटले असलेल्या एका गुलामाला खानाने मिठाई खायला सांगितले होते. खाल्लीस तर सगळ्या कुटुंबाला मुक्त करतो, असे वचनही दिले. गुलाम म्हणाला, मारून टाकले तरी खाणार नाही. प्रवाशाने या लोकांना नावे ठेवली नाहीत. जे पाहिले ते सांगून तो पुढे गेला.

पुढे ख्वारिज्मच्या बाजारात गर्दी एवढी होती की तो घोड्यासकट अडकला. पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. तिथल्या खरबुजाने मात्र त्याला कायमचे वेड लावले. या खरबुजाच्या फोडी उन्हात वाळवत, बोरूच्या टोपल्यांत भरत आणि हिंदुस्थान, चीनपर्यंत पाठवत. सुक्या मेव्यात याच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे त्याचे मत होते. 1333 मध्ये तो सिंधू ओलांडून हिंदुस्थानात आला आणि दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले. दिल्लीत तिकडचे प्रवासी आले की तो माणूस पाठवून त्यांच्याकडून वाळवलेल्या खरबुजाच्या फोडी विकत आणवी. ही आवड सुलतानालाही माहीत होती. त्याच्याकडे त्या आल्या की तो यालाही पाठवून देई. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना इकडचा खाऊ मिळाला की काय वाटते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तो आपल्या महाराष्ट्रातही आला. सुलतानाचा वकील म्हणून चीनला जाताना, 1340 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, तो दौलताबादला पोहोचला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद त्याने केली. नंदुरबारच्या मराठी लोकांची कारागिरी आणि वैद्यकी त्याला आवडली; त्यांचा आहार भात, भाजी आणि तिळाचे तेल, हेही त्याने टिपले. दौलताबादला गाणाऱ्या स्त्री-पुरुषांचा तरबाबाद नावाचा मोठा आणि देखणा बाजार होता. दर गुरुवारी असरनंतर मधल्या घुमटीत गायकांचा प्रमुख बसे आणि मगरिबपर्यंत गाणे चाले. एक हिंदू राजा इकडून जाताना या घुमटीपाशी उतरून गाणे ऐके, पुढे एका मुसलमान सुलतानानेही तसेच केले. याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, होत असे. आज देवगिरीचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते.

पुढचा प्रवास सोपा नव्हता. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात जहाजे बुडाली आणि त्याच्याजवळ दहा दिनार आणि नमाजची चटई एवढेच उरले. समुद्रात चाच्यांनी लुटले, तेव्हा बुखाऱ्यात उतरवून घेतलेली टिपणेही गेली. मालदीवमध्ये तो काझी झाला. नारळापासून निघणाऱ्या पाकाची मिठाई त्याने तिथे चाखली. तो काही संत नव्हता. त्याने अनेक लग्ने केली आणि मोडली, गुलाम विकत घेतले, दिल्लीत ऐपतीबाहेर खर्च करून कर्जही केले. हे सगळे त्याने स्वतःच सांगितले आहे.

1348 मध्ये तो पुन्हा दमिश्कला आला. नूरुद्दीन यांनी जिथे त्याला बापाचे घर देऊ केले होते, त्याच शहरात त्याला कळले की त्याचे वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. तेव्हा प्लेगची साथ सुरू होती. पुढच्या वर्षी मोरोक्कोत पाऊल ठेवल्यावर आई प्लेगने गेल्याची खबर मिळाली. टँजिअरला तो गेला तो तिच्या कबरीपाशी.

त्यानंतरही तो सहारा ओलांडून मालीला गेला. तिथल्या सुलतानाची भेट म्हणून तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि दुधीच्या भोपळ्यात दही आले. भरजरी पोशाखाची आणि पैशांची वाट पाहणारा हा अनुभवी प्रवासी हसला. पण रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री त्याच सुलतानाने काझी आणि आलिमांना रक्कम वाटली, तेव्हा या परदेशी पाहुण्यालाही त्याचा वाटा मिळाला.

1355 मध्ये फेझ शहरात इब्न जुझय नावाच्या लेखनिकाने त्याच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतीचे पुस्तक पूर्ण केले. एकूण प्रवास अंदाजे 1 लाख 20 हजार किलोमीटरचा. टिपणे गेली होती, आईवडील गेले होते. तरी जवळजवळ तीस वर्षांपूर्वी बालबेकच्या बाजारात पाहिलेल्या मिठाईचे नाव, तिच्यातले पिस्ते-बदाम आणि मडके फोडण्याची रीत त्याला जशीच्या तशी आठवत होती. सखावींच्या घरचा ताप आणि पथ्याचे जेवणही आठवत होते.

आपल्या गावातही परगावचे पुष्कळ जण असतात. वसतिगृहातली मुले, कारखान्यातले कामगार, बांधकामावरचे मजूर. आज संध्याकाळी बाजारातून खजूर किंवा मिठाई घेताना त्यांच्यापैकी एखाद्यासाठीही थोडी घ्यावी. मग तो रोजेदार असो वा नसो.