दिवा घेतलेल्या बाईचं दुखणं

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपण शाळेपासून ओळखतो. चित्रातली ती बाई असते ३४ वर्षांची. प्रत्यक्षात ती ९० वर्षं जगली आणि त्यातली कितीतरी वर्षं स्वतःच अंथरुणाला खिळून होती, हे मात्र धड्यात नसतं.

१२ मे १८२० चा तिचा जन्म. घर श्रीमंत, इंग्रज. मुलीने नर्स व्हायचं म्हटल्यावर आईला आणि बहिणीला तो धक्काच वाटला. तरीही तिने आपलं खरं केलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचली. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच.

मे १८५५ मध्ये ती क्रायमियाला गेली आणि तिथे तापाने फणफणली. जगते की जाते अशी वेळ आली, केस कापावे लागले. लोक त्याला क्रायमियाचा ताप म्हणत. ताप उतरला, ती पुन्हा कामाला लागली, आणि सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं.

संपलं नव्हतं. १८५६ मध्ये ती मायदेशी परतली. वर्षभरात, ऑगस्ट १८५७ मध्ये, एकदम कोसळली. छातीत धडधड, धाप, झोप नाही, अन्न समोर आलं तरी मळमळ. डॉक्टर आले, कामाचा ताण म्हणाले, विश्रांती घ्या म्हणाले. माल्व्हर्नला पाण्याच्या उपचारांसाठी जाऊन झालं. जरा बरं वाटायचं, पुन्हा तेच. डिसेंबर १८६१ मध्ये तर पाठीचा कणा असा दुखायला लागला की खोलीतल्या खोलीत हलायचं तरी उचलून न्यावं लागे. पुढची पाच-सहा वर्षं तशीच गेली. त्याच साली ऑगस्टमध्ये तिचे जिवाभावाचे सहकारी सिडनी हर्बर्ट वारले होते. दुःखाने खचली, मनाला लावून घेतलं, असं म्हणायला लोकांना कारणच मिळालं!

वर तिची एक सवय आड आली. ती भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायची, आई आणि बहीणसुद्धा त्यातून सुटत नसत. पण कागद, आकडे, अहवाल मात्र चालू. भारतातल्या सैन्याच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या आयोगाचं काम तिने अंथरुणातूनच ओढलं. १८६३ मध्ये तो अहवाल निघाला. मग लोक म्हणणारच, एवढं काम होतं तर आजारी कसली? घरात दुखणं घेऊन पोळ्या लाटणाऱ्या बाईला हेच ऐकावं लागतं ना? उभी आहेस म्हणजे बरी आहेस.

ती गेल्यावरही हे थांबलं नाही. १९७४ मध्ये एका नामांकित इंग्रज डॉक्टरने पुस्तक लिहून तिचं दुखणं मानसिक ठरवलं. मग १९९५ मध्ये डी. ए. बी. यंग या संशोधकाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेगळं मांडलं. तिची जुनी लक्षणं ओळीने लावली, तर ती ब्रुसेलोसिसशी जुळतात. येणारा-जाणारा ताप, घाम, कंबर आणि मणके धरणं, धडधड, झोप उडणं, मन खचणं. आज रक्त तपासून सिद्ध करता येणार नाही, हे खरं. पण तिला ताप आला १८५५ मध्ये, आणि या रोगाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांना माल्टात सापडला १८८७ मध्ये. तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतो हे कळायला १९०५ उजाडलं. डॉक्टरांना माहीत नव्हतं, ते ठीक. पण मला माहीत नाही असं म्हणण्याऐवजी तुझ्या मनाचे खेळ म्हणणं सोपं पडतं.

हा रोग आपल्यापासून लांबचा नाही बरं का. गाई-म्हशी गाभडतात त्यामागे तो असू शकतो. २०१९ पासून सरकारी मोहिमेत कालवडींना आणि पारड्यांना त्याची लसही देतात. माणसाला तो कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराची वार हाताळताना होतो. कळला तर दोन औषधं मिळून साधारण सहा आठवड्यांचा उपचार असतो. पण डॉक्टरांना आपल्या गोठ्याबद्दल सांगितलंच नाही, तर त्यांना सुचणार कसं?

इथे फ्लॉरेन्सच कामी येते. आजारी असतानाच, १८५९ मध्ये, तिने शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. उगाच धीर देणाऱ्या, फुकट सल्ले देणाऱ्या पाहुण्यांना तिने त्यात चांगलंच झापलंय. (अनुभव बोलत होता!) आणि रोग्याला रात्र बरी गेली का असं मोघम विचारू नका, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारा, असं बजावलंय. ताप कधी चढला, किती चढला, कुठे दुखलं, काय खाल्लं, किती दिवस हे चाललंय, ते एका वहीत तारखेसह लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर अंगात कसकस वाटते या वाक्यापेक्षा जास्त काम होतं. रिपोर्ट नॉर्मल आले, तर मग हे कशामुळे होतंय आणि आणखी काय तपासायचं, हेही विचारायला हरकत नाही.

उतारवयात तिचं दुखणं हळूहळू ओसरलं. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती गेली. १९९२ पासून १२ मे हा तिचा वाढदिवस, सतत थकवा आणि अंगदुखी असूनही ज्यांच्या रिपोर्टमध्ये काही सापडत नाही, अशा आजारांच्या जागृतीचा दिवस म्हणून जगभर पाळतात. त्याच दिवशी नर्सेसचाही दिवस असतो.