रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये

नांदेड-लातूरकडील आम्हां लोकांस भुईमुगाचें व करडईचें तेल कांहीं नवें नाहीं. परंतु पातळ तेलाचें घट्ट वनस्पति तूप कसें होतें, हें विचारणारे थोडेच. ह्या विद्येचा पाया घालणारे पॉल साबात्ये ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण त्यांत एका धर्मगुरूचाही वांटा आहे.

साबात्ये ह्यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन येथें 5 नोव्हेंबर 1854 रोजीं झाला. पॅरिस येथें शिकून 1880 सालीं ते डॉक्टर झाले, व 1884 सालीं तुलूझ येथें रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढें पॅरिसहून मोठ्या जागेचें बोलावणें आलें, तरी त्यांनीं तें शहर सोडलें नाहीं.

तेथील कॅथलिक विद्यापीठांत फादर झाँ-बातिस्त सेंदेरेन्स रसायन शिकवीत. 1897 सालीं ह्या दोघांनीं तापलेल्या निकेलच्या बारीक भुकटीवरून एथिलीन व हायड्रोजन हे वायु सोडले, तों त्यांचा संयोग झाला. निकेल मात्र जसेंच्या तसें उरलें. लग्न जुळविणारा मध्यस्थ शेवटीं बाजूसच राहतो, तसेंच हें. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. 1901 सालीं त्यांनीं बेंझिनचाही हायड्रोजनशीं संयोग घडविला. कपड्यांत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्या ज्या नॅफ्थॅलिनच्या करीत, त्याचा रेणु म्हणजे एकमेकांस जोडलेलीं दोन कडीं. दगडी कोळशाच्या डांबरांत अशीं जोडकडीं पुष्कळ असतात. सुमारें 200 अंश उष्णतेवर निकेलच्या योगें त्यांतील एका कड्यानें हायड्रोजन घेतला, आणि त्या घन पदार्थाचें टेट्रालिन नांवाचें पातळ द्रव्य झालें. दुसरें कडें अधिक हट्टी असतें. गंधकाचा लेश लागला तरी निकेल निकामी होतें, हेंही त्यांस दिसून आलें. हीच रीत जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान ह्यांनीं 1902 च्या सुमारास तेलास लाविली, व त्यांतून वनस्पति तुपाचा धंदा निघाला.

1905 सालीं फ्रेंच विज्ञान अकादमीनें दोघांसही पारितोषिक दिलें. परंतु 1912 चें नोबेल पारितोषिक साबात्ये व ग्रिन्यार ह्यांस विभागून मिळालें; फादर सेंदेरेन्स ह्यांचें नांव त्यांत नव्हतें. ही गोष्ट आमच्या मनास लागते. तरी फादरांनीं प्रयोगशाळा सोडली नाहीं. ते 1937 सालीं वारले, व साबात्ये 14 ऑगस्ट 1941 रोजीं तुलूझ येथें.

ह्या महोत्सवाच्या दिवशीं ज्यांचीं नांवें पाटीवर कोरलेलीं नाहींत, अशा आपल्या मंडळींतील सेवकांचेंही स्मरण आपण कृतज्ञतेनें करावें.