नापासाच्या वर्षातून मालगुडीकडे

इंग्रजी भाषेतील लेखनाने जगभर कीर्ती मिळविलेल्या आर. के. नारायण यांना तरुणपणी महाविद्यालयाच्या दारातून परत फिरावे लागले होते, आणि तेही इंग्रजी विषयात अनुत्तीर्ण झाल्यामुळे! मालगुडीचे नाव न ऐकलेला बंगळुरूकर विरळाच. पण त्या गावाच्या निर्मात्याची ही शैक्षणिक वाटचाल फारशी कोणाला ठाऊक नसते.

नारायण यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रास येथे झाला. वडील कृष्णस्वामी अय्यर हे म्हैसूर संस्थानात शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या बदल्या होत असल्याने नारायण यांचे बालपण मद्रासला आजोळी, आजीच्या छायेत गेले. पुराणकथा, संस्कृत श्लोक, अंकगणित आणि गाणे यांचे पहिले पाठ आजीनेच दिले. घरातील या शिक्षणात मुलाचे मन रमे. शाळेच्या चार भिंतींत मात्र ते कधीच रमले नाही.

पुढे वडिलांची नेमणूक म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलमध्ये झाली आणि नारायण तेथे शिकू लागले. शाळेचे ग्रंथालय समृद्ध होते. डिकन्स, हार्डी, कॉनन डॉयल, वुडहाउस यांची पुस्तके आणि विलायतेहून येणारी नियतकालिके हा मुलगा अधाशासारखा वाचू लागला. वाचन अफाट, पण ते अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसणारे नव्हते. शालेय शिक्षण संपल्यावर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते नापास झाले. मुख्याध्यापकांच्याच मुलाने नापास व्हावे, याची गावात किती चर्चा झाली असेल, याची कल्पना कोणताही पालक करू शकेल.

परंतु नारायण यांच्या आयुष्याचे वळण याच रिकाम्या वर्षाने ठरविले. परीक्षा पुन्हा देईपर्यंतचा काळ त्यांनी घरी राहून वाचनात आणि लेखनात घालविला. पुस्तक घेऊन कुक्कनहळ्ळी तलावाच्या काठी जावे, टागोरांच्या आणि इंग्रज कवींच्या कविता वाचाव्यात, स्वतः काही लिहून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. गुणपत्रिकेत या अभ्यासाची नोंद होणार नव्हती. आयुष्यभराची शिदोरी मात्र त्यातूनच बांधली गेली.

१९२६ साली ते परीक्षा उत्तीर्ण झाले आणि म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात दाखल झाले. तेथेही तीन वर्षांच्या पदवीला त्यांना चार वर्षे लागली. १९३० साली ते बी. ए. झाले. एम. ए. ला प्रवेश घेण्याचा विचार मनात आला होता. पण पदव्युत्तर अभ्यासाने साहित्याची गोडीच नाहीशी होईल, असे एका मित्राने समजावले आणि तो विचार मागे पडला. चन्नपट्टणच्या शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली, तीही त्यांनी अल्पावधीतच सोडली. लेखनावर जगण्याचा निर्धार त्या काळी वेडेपणाचाच वाटावा असा होता.

त्या लेखनाचा श्रीगणेशा आपल्या बंगळुरूत झाला. १९३० च्या विजयादशमीला, पाटीपूजनाच्या त्या शुभदिनी, आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर त्यांनी नवी वही उघडली आणि कादंबरीचे पहिले वाक्य लिहिले. मालगुडी हे गाव आणि त्याचे छोटेसे रेल्वे स्थानक त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी नाकारले. अखेर ऑक्सफर्डमधील एका मित्राने ते ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिले आणि त्यांच्या शिफारशीने १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. परीक्षेच्या धास्तीने गांगरून जाणारा छोटा स्वामी इतका जिवंत उतरला, यात नवल ते काय? त्या धास्तीची ओळख लेखकाला जवळून होती.

‘द गाइड’ या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी लेखनाला मिळालेला तो पहिलाच. पुढे पद्मभूषण आणि पद्मविभूषण हे सन्मानही लाभले. मराठी वाचकांना ‘कॉमन मॅन’मुळे आपलेसे वाटणारे आर. के. लक्ष्मण हे त्यांचे धाकटे बंधू. त्यांनाही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. एकाच घरातील दोन भावांना संस्थांनी दाराबाहेर ठेवले आणि दोघेही आपापल्या क्षेत्रात शिखरावर पोहोचले.

शाळेत जे सोसले, ते नारायण कीर्तीच्या शिखरावरही विसरले नाहीत. राज्यसभेचे नियुक्त सदस्य असताना १९८९ साली त्यांनी आपल्या पहिल्या भाषणासाठी विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याचा. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ओझ्याविना शिक्षण कसे देता येईल, याचा विचार करणारा तिचा अहवाल १९९३ साली सादर झाला. १३ मे २००१ रोजी चेन्नई येथे नारायण यांचे निधन झाले. दप्तराचे ओझे मात्र अजूनही पुरते उतरलेले नाही.

नारायण यांच्या चरित्रातून परीक्षेला महत्त्व नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्यांनी परीक्षा पुन्हा दिली, पदवीही पूर्ण केली. पण नापास झाल्यावर त्यांच्या हातातील पुस्तक कोणी काढून घेतले नाही आणि घराचा आधारही सुटला नाही, हे महत्त्वाचे. निकालाच्या दिवशी काळवंडलेल्या चेहऱ्याने घरी येणाऱ्या मुलाला प्रथम काय द्यावे, याचे उत्तर त्यात आहे. थोडा वेळ, थोडा विश्वास आणि आवडीचे एखादे पुस्तक. मुहूर्ताची वही तो स्वतःच उघडेल.