मरणोत्तर पदवी

पात्रता एकाने सिद्ध करावी आणि तिचा मान दुसऱ्याच्या पदरात पडावा, हा अन्याय जुनाच आहे; परंतु तो नियमावर बोट ठेवून केला जातो तेव्हा अधिकच चीड आणतो. डॉ. एडिथ पीची यांच्या चरित्राकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

१८४५ साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात जन्मलेल्या पीचीबाई १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत, तो विषय प्रथमच घेणाऱ्या विद्यार्थ्यांत, त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. होप शिष्यवृत्ती न्यायाने त्यांचीच होती. ती मिळाली मात्र त्यांच्याहून कमी गुणांच्या पुरुषांना. कारण काय, तर बाई नेहमीच्या वर्गात बसल्या नव्हत्या! स्त्रियांनी निराळ्या वर्गात शिकावे हा दंडक विद्यापीठाचाच. तो पाळणारीला त्याच कारणास्तव अपात्र ठरविण्यात आले. पुढे पदवीही नाकारली गेली. ती त्यांनी १८७७ साली बर्न येथे मिळविली आणि त्याच वर्षी डब्लिन येथे व्यवसायाचा परवाना संपादन केला.

१८८३ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या. १८८६ साली उघडलेल्या, स्त्री-डॉक्टरांनी चालविलेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. स्त्री-डॉक्टरांस पुरुषांइतकेच वेतन मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात झुंजणाऱ्या रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला जाता यावे, म्हणून त्यांनी साहाय्य केले. प्लेगच्या साथीतही त्या मुंबईकरांच्या सेवेस उभ्या राहिल्या. १९०८ साली त्या निवर्तल्या.

एडिंबरो विद्यापीठाने पीचीबाई व त्यांच्या सहा सहकारिणींना २०१९ साली मरणोत्तर पदव्या दिल्या. चूक सुधारली हे उचितच झाले. पण दीडशे वर्षांनी दिलेल्या पदवीने एकाही रुग्णाची नाडी पाहता येत नाही.

आज आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने शिकतात. अधिष्ठात्यांच्या आणि विभागप्रमुखांच्या खुर्च्यांवर मात्र त्या प्रमाणात स्त्रिया दिसत नाहीत. संस्थेने स्वतःच मंजूर केलेली प्रसूतीची रजा बढतीच्या वेळी उणीव म्हणून मोजली जात असेल, तर तो एडिंबरोचाच न्याय होय. पीचीबाईंचे पुतळे उभारण्यापेक्षा आपल्या संस्थांनी बढतीचे नियम एकदा तपासून पाहावेत. स्त्री-डॉक्टरांचा मान त्यांच्या हयातीतच त्यांच्या हाती पडावा, एवढीच आमची मागणी आहे.